जंगलवाटेने पाण्यापर्यंत आणि परत: खानदेशातल्या नवख्यांसाठी

खानदेशात समुद्रकिनारा नाही. सुट्टीच्या दिवशी इथला माणूस पाण्याकडे निघतो तो सातपुड्याच्या किंवा सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या एखाद्या दऱ्यात, नाल्याच्या काठी नाहीतर कुंडापाशी. वाट दोन-तीन किलोमीटरची असते. मोटारसायकल लावली, तासाभरात पाण्यावर पोचलो, इतकं ते सोपं वाटतं. पण या छोट्या वाटांवर नवखा माणूस अडकतो तो दोनच ठिकाणी: पाण्यात आणि परतीच्या चढावर. उतरणं कोणालाही जमतं. म्हणून सगळी आखणी परतीपासून सुरू करायची आणि पाण्याला किती वाजता पाठ दाखवायची हे घरीच ठरवायचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

पहिल्यांदा कुठे जावं

पहिली वाट पायऱ्यांची घ्या. चाळीसगावकडून कन्नड घाट चढून पठारावर गेलात की पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे पठारावरून बांधलेल्या पायऱ्या ओढ्याच्या घळीत उतरतात. वाट चुकायची भीती नाही. आणि उतरताना हलकी वाटलेली उंची परत चढताना मांड्यांना किती जाणवते, हे इथे सुरक्षितपणे कळतं. लेण्यांचा जुना भाग इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला मानला जातो, त्यामुळे खाली थांबायला कारणही भरपूर.

दुसरी पाटणादेवी. चाळीसगावपासून ती साधारण १८ किलोमीटरवर आहे. चंडिकादेवीचं जुनं दगडी मंदिर तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे आणि परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८६ साली घोषित झालं, क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर. केदारकुंड आणि धवलतीर्थ हे इथले धबधबे. इथे गणित उलटं आहे: पाण्याकडे जाताना नाल्याच्या काठाने हळूहळू वर चढावं लागतं आणि परतीला उतार मिळतो. नवख्यांसाठी ही चांगली गोष्ट आहे, कारण दमल्यावरचा रस्ता सोपा राहतो. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा १२०७ सालचा शिलालेख याच पाटण्याचा. इतक्या जवळ जाऊन मंदिर घाईत पाहू नका.

यावल तालुक्यात आडगावजवळची मनुदेवी आणि रावेर तालुक्यात पालजवळचा सुकी नदीचा काठ, या सातपुड्याच्या बाजूच्या सोप्या जागा. श्रावणात आणि नवरात्रात मनुदेवीला गर्दी असते. शांत चालायचं असेल तर मधला वार गाठा.

तोरणमाळच्या आणि अक्राणीच्या खोल दऱ्या पहिल्या वर्षी नकोत. तिथे उतार मोठा आहे, मदत लांब आहे आणि गावातला जाणता माणूस सोबत नसेल तर वाट सापडत नाही.

कधी जावं

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर. या दिवसांत नाल्याला पाणी असतं पण जोर नसतो, दगड वाळलेले असतात, ऊन सोसतं.

फेब्रुवारीपासून साग पानं टाकतो. हातभर लांबीची ती पानं उतारावर एकमेकांवर साचतात आणि त्यांच्याखाली सुटा मुरूम असतो. पाय पानावर पडतो, पान मुरुमावरून सरकतं आणि माणूस बसकण मारतो. मार्चनंतर तर सावलीच उरत नाही. सलई, साग, धावडा सगळे उघडे पडतात. हिरवा राहतो तो काठचा जांभूळ, करंज आणि कुठेकुठे अंजन. मार्च ते जून सकाळी दहानंतर चढ चढायचा नाही. भुसावळ-जळगावचं ऊन ज्याने पाहिलंय त्याला याचं कारण सांगावं लागत नाही, पण दरीत वारा नसतो आणि तापलेला काळा दगड दोन्ही बाजूंनी भाजून काढतो, हे तिथे पोचल्यावरच कळतं.

जून ते सप्टेंबर धबधबे पाहायला सगळे धावतात. नवख्यांनी या काळात फक्त बांधलेल्या रस्त्यापर्यंत जावं, नाल्यात उतरू नये. पाटणादेवीच्या नाल्यांचं पाणी वरच्या पठारावरून येतं. पाऊस तिकडे कन्नडच्या बाजूला पडतो, खाली तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि लोंढा मात्र तुमच्याकडे येतो. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस एका रात्रीच्या पावसाने कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि तितूर व डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं. ज्या नाल्यात आपण डिसेंबरात पाय बुडवून बसतो त्याच नाल्यांचं ते पाणी.

आदल्या दिवशी

अभयारण्यात शिरायला वनविभागाची परवानगी लागते; नाक्यावर नाव नोंदवून शुल्क भरायचं. सुटे पैसे आणि ओळखपत्र जवळ ठेवा. नाक्यावरच्या वनरक्षकाला किंवा वनमजुराला दोन गोष्टी आवर्जून विचारा: "दादा, नाल्याला पाणी किती आहे?" आणि "या आठवड्यात बिबट्या, अस्वल कुठे दिसलं का?" रोज तिथे फिरणाऱ्या माणसाचं उत्तर कुठल्याही नकाशापेक्षा ताजं असतं. तो नको म्हणाला तर वाद न घालता परत फिरा.

वाट ठाऊक नसेल तर पायथ्याच्या गावातला किंवा पाड्यावरचा माणूस सोबत घ्या. पैसे निघण्याआधी बोलून ठरवा आणि त्याच्या जेवणाचा डबाही तुमच्यासोबतच न्या. तडवी, भिल, पावरा मंडळींचं हे रोजचं रान आहे. त्यांच्या मागे चालताना पाय कुठे टाकतात हे पाहिलं तरी निम्मं शिक्षण होतं.

घरच्या एका माणसाला तीन गोष्टी लिहून पाठवा: कुठल्या वाटेने जाणार, गाडी कुठे लावणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. दरीत मोबाइलला रेंज नसते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, वाटेची नोंद चालू करून फोन विमान मोडवर टाका म्हणजे बॅटरी टिकते.

वेळेचं गणित

उतरायला जितका वेळ लागेल त्याच्या दीडपट ते दुप्पट वेळ चढायला धरा. समजा, वाट दोन किलोमीटरची आहे आणि उतार दोनशे मीटरचा. नवखा गट ती ५० मिनिटांत उतरतो. परतीला ७५ ते १०० मिनिटं लागतात. त्यावर अर्धा तास चुकामूक आणि विश्रांतीचा धरा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, पण दरीतलं ऊन त्याच्या तास-दीड तास आधीच जातं. साडेपाचला गाडीपाशी यायचं म्हटलं तर दुपारी तीनला पाणी सोडायलाच हवं. आमचा आग्रह याहून कडक आहे: सकाळी सातला चालायला लागा आणि एकच्या आत काठ सोडा. मग कोणाचा पाय मुरगळला तरी उजेड हाताशी राहतो.

गटात लहान मुलं किंवा साठीच्या पुढचे असतील तर वेग त्यांचा धरायचा. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवा. त्याला शेवटी टाकलं की तो पोचेपर्यंत बाकीचे विश्रांती घेऊन उठलेले असतात आणि त्याला श्वास घ्यायला सवडच मिळत नाही.

पिशवीत काय

पाणी माणशी तीन लिटर. तळाशी पोचाल तेव्हा त्यातलं दोन लिटर शिल्लक असायला हवं, कारण खरी तहान चढावर लागते. नाल्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर गुरं बसलेली असतात. ते प्यायचं नाही. वेळच आली तर क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, असं एका बाटलीत घरूनच करून घ्या. पोटऱ्यांत गोळे यायला लागले की घोट घोट तेच द्यायचं.

खायला आपल्या भागासारखं दुसरीकडे काही मिळायचं नाही. रावेर-यावलची केळी माणशी दोन, कळण्याची किंवा दादरची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे. केळी पिशवीत सगळ्यात वर ठेवा. भरीत नेऊ नका. उन्हात आंबतं आणि तेल गळतं.

कपडे फुल पँट आणि फुल बाह्या. ऑक्टोबर ते डिसेंबर गवताला कुसळं असतात, ती लोकरी आणि जाड सुती मोज्यांत घुसून घोट्याला टोचत राहतात. गुळगुळीत कापडाची पँट मोज्यांवरून खाली सोडली तर बरीच अडतात. बूट खोल नक्षीच्या तळव्याचे, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा उरेल असे. नखं आदल्या दिवशी कापा. उतारावर पाय पुढे सरकतो आणि लांब नखं बुटाच्या टोकावर आपटून दोन तासांत काळी पडतात. नाडी घोट्यापाशी घट्ट, बोटांकडे सैल.

याशिवाय टोपी, विजेरी, शिट्टी, कापडी चिकटपट्टी, रुंद बँडेज, कोरडा कपड्यांचा जोड, कचऱ्याची पिशवी. कुंडापाशी थांबणार असाल तर १५ मीटर दोरी आणि पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट बसणारा कॅन. तो कशाला ते पुढे येईल.

वाट उतरताना

पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, वजन पायावर. नवखा माणूस भीतीने मागे झुकतो आणि त्यानेच घसरतो, कारण टाचेवरचं वजन बुटाला पुढे ढकलतं. जमिनीत रुतलेल्या दगडावर किंवा मुळाच्या वरच्या बाजूला पाय टाका. सुटा मुरूम दिसला की सरळ न उतरता तिरकं जा. काठी उतरताना एक वीत लांब धरायची.

पायवाट आणि गुरांची वाट ओळखायला शिका. माणसांची वाट कुठेतरी पोचायला निघालेली असते: दगडांच्या कडा झिजलेल्या, डोक्याच्या उंचीला फांद्या कोयत्याने तोडलेल्या. गुरांची वाट उताराला आडवी जाते, तिला सारखे फाटे फुटतात आणि शेवटी झुडपात विरते. फांद्या छातीला लागायला लागल्या की समजा, गुरांच्या वाटेला लागलात. शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उतरताना दोन नाले एकत्र येतात, त्याकडे लक्षही जात नाही, आपण पाण्यासोबत चालत राहतो. परत येताना तीच जागा फाटा बनून समोर उभी राहते, दोन्ही नाले सारखेच दिसतात आणि दमलेला माणूस जो सोपा दिसेल तो धरतो. जंगलात चुकण्याचं हे नेहमीचं कारण. म्हणून प्रत्येक संगमावर थांबा, मागे वळा, परत येताना दिसेल तसं चित्र डोळ्यांनी आणि फोनने टिपा. खूण झाडाची किंवा मोठ्या खडकाची घ्या. अंजनाचं झाड ओळखायला सोपं: पान दोन जुळ्या पाकळ्यांचं. झाडावर रंग, नावं, कोयत्याचे घाव नकोत. तीन दगडांची उतरंड पुरते, आणि येताना ती मोडून टाका.

हिवाळ्यात वेलींवर तपकिरी, केसाळ शेंगांचे घोस लटकतात. ती खाजकुइरी. वाऱ्याने सुद्धा तिची कुसं उडून अंगावर येतात. लागली तर चोळायचं नाही, चोळलं की ती आणखी आत जातात. चिकटपट्टी त्वचेवर दाबून उचला, पुन्हा नवी पट्टी लावा, मग पाण्याने धुवा.

कड्याच्या पोटाखाली आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असतं. त्याच्या टप्प्यात धूर, अत्तर, आरडाओरडा, दगड मारणं, काहीच नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून एका दिशेने पळत सुटा आणि दाट झाडीत शिरा. पाण्यात उडी मारून उपयोग नाही. डोकं वर काढायची त्या वाट पाहतात.

फुरसं आणि घोणस दगडांत, पाल्यात पडून असतात. हात जिथे दिसत नाही तिथे घालू नका, ओंडका ओलांडताना आधी त्यावर उभं राहून पलीकडे पाहा. दंश झालाच तर बांधणं, कापणं, चोखणं काहीही करू नका. अंगठी, कडं काढा, तो भाग हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, उचलून आणा. रेंज मिळताच १०८ लावा. प्रतिविष देण्याची सोय असलेलं रुग्णालय कुठलं, हे निघण्याआधीच विचारून ठेवा. मोहाची फुलं पडतात त्या मार्च-एप्रिलच्या दिवसांत पहाटे अस्वलं मोहाखाली येतात. उजाडल्यावरच चाला आणि बोलत चाला.

काठावर

पोचल्याबरोबर पाण्यात शिरू नका. आधी काठची झुडपं पाहा. फांद्यांत वाळका पाला, काटक्या, प्लास्टिकच्या चिंध्या एका उंचीला अडकलेल्या दिसतील, सगळ्यांची टोकं खालच्या दिशेला वळलेली. गेल्या पुराचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. बसायची जागा, पिशव्या, मुलं, सगळं त्या रेषेच्या वर. वाळूचा मऊ पट्टा कितीही सुंदर असला तरी तो रेषेच्या खालीच असतो. तिथे खेळा, पण सामान मांडून झोपू नका.

मग पाण्याची खूण करा: काठावर एक काठी रोवा किंवा पाण्याच्या रेषेवर दगड ठेवा. दर पंधरा मिनिटांनी एकाने पाहायचं. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत यायला लागला, खूण बुडाली किंवा वरून घरघर ऐकू आली, यातलं एकही झालं तरी सामान तिथेच टाकून उंचावर चढा. गाडीच्या बाजूचा काठ मिळाला तर उत्तम, नाहीतर जो जवळ असेल तो.

आपल्याकडचा दगड बेसाल्ट. कोरडा, करडा असेल तेव्हा बूट त्यावर चांगला धरतो. तोच ओला आणि काळाभोर चकाकत असेल तर त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो, जो वरून दिसत नाही. बोट फिरवून पाहा, बुळबुळीत लागलं की तिथे पाय नाही. धबधब्याच्या वरच्या ओठावर असा सपाट दगड हमखास असतो आणि फोटोसाठी तिथेच लोक जातात. तिथे कोणी, कधीही जायचं नाही.

नाला ओलांडायचा तर गुडघ्याखालच्या पाण्यातच. जागा रुंद आणि उथळ निवडा; अरुंद ठिकाणी तेच पाणी खोल आणि जोरात असतं. बूट काढू नका, पिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवा, तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे टेकवून आडवं सरका. एका वेळी एकच पाय उचलायचा.

कुंडात पोहणं नवख्यांसाठी नाही. धबधब्याने खोदलेलं कुंड काठापाशी घोटाभर असतं आणि दोन पावलांवर अचानक तळ जातो. बाजू गुळगुळीत असल्याने बाहेर यायला पकड मिळत नाही, आणि ऊन न लागणारं पाणी इतकं गार असतं की श्वासच अडखळतो. उडी तर नाहीच. खाली कोसळलेले दगड असतात आणि ते दर पावसाळ्यात जागा बदलतात. कोणी बुडायला लागला तर मागे उडी मारू नका. दोरीला बांधलेला रिकामा कॅन त्याच्याकडे फेका, स्वतः काठावर बसून पाय दगडाला अडवून ओढा. कॅन माणसाला तरंगत ठेवतो. वाचवायला गेलेला दुसरा माणूस बुडतो तो याच एका कॅनच्या अभावी.

अभयारण्यात चूल पेटवायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि वाळल्या गवतात एक ठिणगी सगळा डोंगर काळा करते. डबा घरचाच. वानरं पिशव्या उचकतात, चेन बंद ठेवा, त्यांना खायला घालू नका. शौचाला पाण्यापासून किमान साठ-सत्तर पावलं दूर, वीतभर खड्डा करून, माती लोटून. सॅनिटरी पॅड, डायपर, गुटख्याच्या पुड्या, सगळं पिशवीतून परत. साबण, शॅम्पू नाल्यात नाही. खालच्या अंगाला हेच पाणी गुरांना आणि पाड्यांना लागतं.

परतीचा चढ

निघण्याआधी पाव लिटर पाणी प्या, एक केळं खा, ओले मोजे बदला. ओल्या मोज्यांनी चढलं की टाचेला फोड येतातच. टाच चुरचुरायला लागल्याबरोबर थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर उपयोग नाही.

बोलत चढता येईल इतकाच वेग. पंधरा-वीस मिनिटं चढायचं, दोन मिनिटं उभ्याने थांबायचं. संगमावर फोनमधलं चित्र उघडा, खूण जुळेपर्यंत पाऊल टाकू नका. पंधरा मिनिटं ओळखीचं काही दिसलं नाही तर तिथेच थांबा, फोनवरची वाटेची नोंद पाहा, शेवटच्या पक्क्या खुणेवर परत जा. तरीही उमगलं नाही तर खाली नाल्याने उतरत सुटू नका, पुढे कडा असू शकतो. उघड्या जागी बसा आणि शिट्टीचे लागोपाठ तीन आवाज, एक मिनिट थांबून पुन्हा तीन, असं करत राहा.

कोणी गप्प झाला, भेलकांडायला लागला, डोकं दुखतंय म्हणाला तर ते ऊन लागणं समजा. सावली, कपडे सैल, मानेवर आणि काखेत ओलं फडकं, साखर-मिठाचं पाणी घोट घोट. बरळायला लागला किंवा शुद्ध हरपली तर तोंडात पाणी ओतू नका. अंग भिजवत राहा, वारा घाला आणि दोघांना रेंज मिळेल तिथे मदतीला पाठवा.

वर आल्यावर नाक्यावर परतल्याची नोंद करा आणि घरी ठरलेल्या माणसाला फोन. मोज्यांच्या कडा, काखा, गुडघ्यामागची जागा गोचिडांसाठी तपासा. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका. खाजकुइरी लागलेले कपडे घरच्या बाकीच्या धुण्यात टाकू नका, वेगळ्या बादलीत दोनदा धुवा आणि घालणाऱ्याआधी धुणाऱ्याला सांगा.